एका वादळाबद्दल दोन थापा

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. बोस्टनमध्ये त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, उद्या येणारा नॉरईस्टर. मंगळवारी शाळा बंद राहतील असं महापौरांनी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. लॅबमध्ये कोण घरून काम करणार याच्या ईमेली फिरत होत्या. दुकानात दूध, ब्रेड आणि पायऱ्यांवर टाकायचं मीठ यांची फडताळं रिकामी होत होती. इथे दहा हिवाळे काढलेल्या माणसाला हे सगळं पाठ असतं.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या मजल्यावर सफाईला येणाऱ्या बाई माझ्या दारात थांबल्या. मूळच्या केप व्हर्देच्या, पन्नाशी उलटलेल्या, रोज ब्रॉकटनहून येतात. मी त्यांना हाक नावाने मारते, पण मनातल्या मनात त्या मावशी आहेत. कराडच्या सवयी सुटत नाहीत. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, उद्या खरंच येणार का हे?"

मी डॉक्टर आहे ती साथरोगांच्या आकडेवारीतली, हवामानाशी माझा संबंध खिडकीपुरता, हे त्यांना अनेकदा सांगून झालं आहे. त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचा प्रश्न मात्र गप्पांचा नव्हता. रात्री आठच्या आत कंत्राटदाराला कळवलं तर तो बदली माणूस शोधतो, आणि यांचे त्या पाळीचे पैसे जातात. न कळवता राहिल्या तर गैरहजेरी लागते. आणि कामावर आल्या, मध्येच गाड्या बंद पडल्या, तर रात्र इथेच खुर्चीवर काढायची. तसं एकदा झालं होतं. घरी नऊ वर्षांचा नातू शेजाऱ्यांच्या भरवशावर होता.

मी दहा मिनिटांपूर्वीच अंदाज पाहिला होता. सकाळपर्यंत फूटभर बर्फाची भाषा चालली होती, पण दुपारनंतर मॉडेलं वादळाला दक्षिणेकडे ढकलायला लागली होती. आता 'जवळजवळ काहीच नाही'पासून 'सात-आठ इंच'पर्यंत काहीही शक्य दिसत होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी म्हणाले, "येणार. नक्की येणार. उद्या घरीच थांबा तुम्ही."

रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे मंगळवारी सकाळी सातला, आईबाबांचा फोन. बाबांनी बातम्यांत बोस्टनचं नाव ऐकलं होतं. "अहो काही नाही बाबा," मी म्हणाले, "थोडा भुरभुर बर्फ. इथे नेहमीचंच आहे हे."

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकाच संध्याकाळी, एकाच आभाळाबद्दल, दोन उलट्या थापा मारल्या होत्या. मावशींना पट्ट्याचं वरचं टोक दिलं, आईबाबांना खालचं. मधला अख्खा पट्टा, म्हणजे जेवढं खरोखर ठाऊक होतं तेवढं, मी स्वतःपाशी ठेवला. आणि दोन्ही वेळा मला आपण चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं.

नॉरईस्टरच्या बाबतीत हा पट्टा एवढा रुंद का असतो ते थोडं सांगायला हवं. हिवाळ्यात कॅनडाकडून थंड, जड हवा खाली उतरते आणि ॲपलेशियन पर्वत आणि किनारा यांच्यामध्ये साचून राहते. शेजारी समुद्रात गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी वाहत असतं. एवढ्या जवळजवळ एवढा तापमानातला फरक म्हणजे वादळाला आयतं इंधन. कॅरोलायनाच्या आसपास किनाऱ्यालगत कमी दाबाचं केंद्र तयार होतं आणि किनाऱ्याच्या कडेकडेने ईशान्येकडे सरकत जाताना जोर धरतं. उत्तर गोलार्धात वारे अशा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे केंद्र समुद्रात असलं की किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडावर ईशान्येचा वारा येतो. म्हणून नॉरईस्टर. म्हणजे वारा ईशान्येकडून येतो आणि वादळ मात्र नैऋत्येकडून. हा विरोधाभास सगळ्यात आधी ध्यानात आला तो बेंजामिन फ्रँकलिनच्या. १७४३ च्या ऑक्टोबरात त्याला फिलाडेल्फियात चंद्रग्रहण पाहायचं होतं, पण ईशान्येच्या वादळाने आभाळ झाकून टाकलं. वारा बोस्टनकडून येतोय म्हणजे तिथे आधीच वादळ झालं असणार, असं त्याने धरलं. पण बोस्टनमधल्या त्याच्या भावाला ग्रहण स्वच्छ दिसलं होतं. वादळ तिथे नंतर पोचलं.

आता हे केंद्र किनाऱ्यापासून किती अंतरावरून जातं यावर सगळं ठरतं. अगदी जवळून गेलं तर समुद्रावरची ऊब आत शिरते आणि शहरात बर्फाऐवजी पाऊस पडतो. फार लांबून गेलं तर वारा सुटतो, आभाळ दाटून येतं आणि हाती काहीच लागत नाही. इथले हवामानवाले नकाशावर ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम असा नँटकेटच्या आग्नेयेचा एक बिंदू धरून असतात. त्याच्या आसपासून केंद्र गेलं की बोस्टन परिसरात भरपूर बर्फ. पाऊणशे-शंभर किलोमीटर इकडे की तिकडे, एवढ्यावर शहर ठप्प होणार की नाही ते ठरतं. युरोपियन केंद्र एकाच वादळाचं गणित किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून पन्नास वेळा चालवतं. त्या पन्नास रेषा नकाशावर विस्कटलेल्या दोरखंडासारख्या दिसतात. अंदाज म्हणजे तो अख्खा दोरखंड. टीव्हीवर त्यातला एकच दोरा दाखवतात.

मंगळवारी वादळ दक्षिणेकडून गेलं. कनेक्टिकटमध्ये काही गावांत फूटभराहून जास्त बर्फ पडला. बोस्टनमध्ये नावापुरताही साचला नाही. शाळा बंद, मुलं घरात, रस्ते कोरडे. आमची इमारत नेहमीसारखी उघडी होती आणि माझा पगार नेहमीसारखा चालू होता. मावशींची पाळी बदली बाईने केली.

बुधवारी मी त्यांना बुडालेले पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "तुम्ही थोडंच वादळ परत पाठवलंत?" म्हणाल्या. "चूक होते माणसाची." आणि मी गप्प बसले. कारण माझी चूक झालीच नव्हती. मी जे पाहिलं होतं ते बरोबर पाहिलं होतं. फक्त त्यांना सांगितलं नव्हतं.

चूक आणि लपवणूक यांतला हा फरक मला त्याआधी कधी एवढा बोचला नव्हता. मग मी जुन्या वादळांबद्दल वाचत बसले, थोडं अपराधी वाटत होतं म्हणून, थोडं धंद्यातलं कुतूहल म्हणून.

न्यू इंग्लंडमधल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला वादळाबद्दल विचारा, तो १९७८ पासून सुरुवात करतो. ६ फेब्रुवारी १९७८, सोमवार. मोठ्या बर्फाचा अंदाज होता आणि सकाळपासूनच सुरुवात होईल असं सांगितलं गेलं होतं. सकाळ कोरडी गेली. लोकांनी खांदे उडवले आणि कामावर गेले. मग ते आलं. बोस्टनमध्ये २७ इंच बर्फ, किनाऱ्यावर भरतीमागून भरती, वाहून गेलेली घरं. रूट १२८ वर तीन हजारांहून जास्त गाड्या जिथल्या तिथे गाडल्या गेल्या. काही माणसं इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसली आणि धुराड्याच्या तोंडाशी बर्फ साचल्याने आतल्या आत विषारी वायूने गेली. सगळ्या ईशान्य भागात मिळून शंभरच्या आसपास माणसं मेली, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये जवळजवळ आठवडाभर खासगी गाड्यांना रस्त्यावर बंदी होती. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवेल. त्याही दिवशी लोक सकाळी नेहमीसारखे डबा घेऊन निघाले होते.

म्हणजे बर्फ काही तास उशिरा आला आणि माणसांचा अंदाजावरचा विश्वास तेवढ्यात उडाला. हवामान खात्यातल्या माणसांच्या मनात ही भीती कायमची घर करून आहे, आणि ती खोटी नाही.

दुसऱ्या टोकाला २०१५ चा जानेवारी. तो माझा इथला पहिला हिवाळा. त्या मोसमात बोस्टनमध्ये एकूण नऊ फुटांच्या वर बर्फ पडला, त्यामुळे मला बराच काळ हे असंच असतं असं वाटत होतं. २६ तारखेला न्यू यॉर्क शहराला दोन फूट किंवा त्याहूनही जास्त बर्फाचा इशारा दिला गेला. गव्हर्नरांनी रात्री अकरापासून सबवे बंद केला. बर्फासाठी ती बंद करण्याची शतकाहून जास्त काळातली ही पहिलीच वेळ. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या सायकलवाल्यांनाही महापौरांनी रस्त्यावरून हटायला सांगितलं. आणि सेंट्रल पार्कात पडला जेमतेम दहा इंच. वादळ थोडं पूर्वेकडे सरकलं होतं. बोस्टनला त्याच वादळाने दोन फुटांहून जास्त बर्फ दिला, म्हणून इथे कुणी तक्रार केली नाही. एकच अंदाज, एका शहरात अचूक आणि दुसऱ्या शहरात फजिती.

त्या रात्री न्यू जर्सीतल्या माउंट हॉली इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या कार्यालयाचे प्रमुख गॅरी झाट्कोव्स्की यांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली. आमच्या भरवशावर तुम्ही कठीण निर्णय घेतलेत आणि आम्ही चुकलो, अशा अर्थाचं ते लिहिणं होतं. मला ती माफी वाचून आधी वाटलं, कशाला? निसर्गाची अनिश्चितता म्हणजे काही गुन्हा नाही. नंतर वाटलं की माफी बहुधा अंदाज चुकल्याची नसेलच. 'नक्की' असा सूर लागला होता, त्या सुराची ती माफी असेल. मॉडेलांत तेव्हाही मतभेद होते. अमेरिकन मॉडेल न्यू यॉर्कला कमी बर्फ दाखवत होतं, युरोपियन जास्त. २०१२ मध्ये सँडीच्या वेळी युरोपियन मॉडेल आधी बरोबर ठरलं होतं, म्हणून त्याच्यावर भिस्त जास्त. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संचालकांनीही पुढे कबूल केलं की अनिश्चितता लोकांपर्यंत नीट पोचवायला हवी होती.

इथवर सगळी प्रामाणिक माणसं प्रामाणिकपणे चुकत आहेत. खरा पेच मार्च २०१७ मध्ये आहे. १४ मार्चला पुन्हा एक मोठा नॉरईस्टर येणार होता, न्यू यॉर्कला दीड फुटाच्या आसपासचे आकडे होते. आदल्या दिवशी उशिरा मॉडेलं उतरायला लागली: किनाऱ्यालगत बर्फाऐवजी गारठलेला पाऊस पडेल, आकडे बरेच कमी होतील. हवामान सेवेतल्या लोकांनी आपापसात चर्चा केली आणि मोठा आकडा तसाच ठेवायचं ठरवलं. ऐनवेळी आकडा खाली आणला तर लोक बेफिकीर होतील, शिवाय वारा आणि निसरडे रस्ते धोक्याचे होतेच, हे कारण. हे त्यांनीच नंतर वार्ताहरांना मोकळेपणाने सांगितलं. अति सावधगिरी म्हणून केलं, असं. सेंट्रल पार्कात साडेसात इंच पडला. न्यू यॉर्क राज्यातच आत, बिंगहॅम्प्टनच्या बाजूला, तीन फुटांच्या आसपास. न्यू जर्सीच्या तेव्हाच्या गव्हर्नरांनी हवामान सेवेवर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

आता सांगा, यात चुकलं कुणाचं काय? कुणाचा स्वार्थ नव्हता. कुणाला घाबरवून काही विकायचं नव्हतं. रूट १२८ वरची प्रेतं डोळ्यांसमोर असलेली माणसं होती ती. मी त्या खोलीत असते तर मीही हात वर केला असता. माझ्या दारात मावशी उभ्या होत्या तेव्हा मी केला तो हाच हात वर.

आपल्याकडे या विषयावर चटकन आठवते ती लांडगा आला रे आलाची गोष्ट. शाळेत ती आपल्याला खोटं बोलू नये म्हणून शिकवतात. पण त्या पोराला गंमत करायची होती. समजा गोष्टीतल्या पोराला खरंच झाडीत काहीतरी हललेलं दिसलं असतं. लांडगा असण्याची शक्यता तीनात एक. त्याने ओरडावं की नाही? आणि ओरडावं तर काय ओरडावं? "झाडीत काहीतरी हललं, बहुधा कुत्रं असेल, पण लांडगाही असू शकतो" हे डोंगरावरून ओरडता येत नाही. तो "लांडगा!" असंच ओरडणार. मला त्या पोराची दया येते.

पण गावात सगळ्यांची कामं सारखी नसतात. कुणी हातातली पेंढी टाकून धावत येतो, कुणाचं दूध चुलीवर उतू जातं, कुणाची बाळंतीण आत असते. हवामानशास्त्रात याचं एक साधं गणित आहे. सावध होण्याचा खर्च एका बाजूला, सावध न होता संकट आलं तर होणारं नुकसान दुसऱ्या बाजूला. खर्चाला नुकसानाने भागायचं. संकटाची शक्यता त्या आकड्याच्या वर गेली की सावध व्हायचं. गंमत अशी की हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. मला घरी बसायला काही खर्च नाही, लॅपटॉप उचलला की झालं, त्यामुळे मला पाच टक्के शक्यताही पुरे. घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या म्हाताऱ्याला दोन टक्क्यांनाच बॅटरीची सोय बघायला हवी. मावशींचा एक दिवस म्हणजे महिन्याच्या भाड्यातला तुकडा. त्यांचा आकडा कदाचित पन्नास टक्के असेल. कदाचित साठ. मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. "नक्की येणार" असं म्हणताना मी माझ्या घराचा उंबरठा उचलून त्यांच्या दाराला बसवला.

अंदाजकर्त्याचाही स्वतःचा एक उंबरठा असतो, हे यात विसरायला होतं. बर्फ न पडता लोक घरी बसले तर त्याची चार दिवस टिंगल होते. बर्फ पडला आणि तो म्हणालाच नव्हता, तर चौकशी. 'लोकांच्या भल्यासाठी' आकडा वर ठेवताना त्यात आपलं भलं किती मिसळलंय हे कुणाला सांगता येईल? मलाही येत नाही. मावशी त्या रात्री अडकल्या असत्या तर मला अपराधी वाटलं असतं. त्या अपराधी वाटण्यापासून मी स्वतःला वाचवलं, आणि विम्याचा हप्ता भरला मावशींनी.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: कुणीतरी लोकांसाठी ठरवायलाच हवं. ते खरंही आहे. सबवे साठ टक्के बंद ठेवता येत नाही. शाळा उघडी असते किंवा नसते. महापौरांनी त्या सोमवारी शाळा बंद केल्या त्यात मला काही गैर दिसत नाही, मंगळवारी ऊन पडलं असतं तरी. पण महापौर ठरवतात ते उघडपणे, स्वतःच्या नावावर. पटलं नाही तर पुढच्या वेळी मत देऊ नका. अंदाज सांगणारा गुपचूप ठरवायला लागला की ते कुणाच्याच नावावर राहत नाही. शिवाय सावधगिरीवर सावधगिरी चढत जाते. अंदाजवाल्याने आकडा थोडा वर ठेवला, टीव्हीवाल्याने त्यावर थोडा, महापौरांनी त्यावर थोडा, कारण मूळ आकड्यात आधीच भर घातलेली आहे हे वरच्या कुणालाच ठाऊक नाही. आणि एकदा ते कळलं की ऐकणारा मनातल्या मनात वजाबाकी करायला लागतो. मुंबईत हवामान खात्याने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. त्या विनोदात ही वजाबाकीच आहे.

कांटने १७९७ मध्ये, परोपकारासाठी खोटं बोलण्याचा हक्क असतो का यावर एक छोटा निबंध लिहिला. दारात आलेल्या खुन्यालासुद्धा खोटं सांगू नये हे त्यातलं टोकाचं उदाहरण वाचून सगळे हसतात. मीही हसते, मी खुन्याला बिनदिक्कत उलट्या गल्लीत पाठवीन. पण त्याच निबंधातली दुसरी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. खोटं बोलणारा, हेतू कितीही चांगला असो, त्यातून पुढे जे निघेल त्याची जबाबदारी अंगावर घेतो. अनपेक्षित निघालं तरी. आपल्याकडे युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ एका अर्धवट सत्याने खाली टेकला. तेही खोटं नव्हतंच म्हणा. हत्ती खरंच मेला होता. माझ्याही पट्ट्याचं वरचं टोक खरंच होतं.

हे एवढं लिहून मी थांबले असते. पण त्या संध्याकाळची दुसरी थाप उरतेच, आणि तिथे माझी स्थिती जास्त अवघड आहे, कारण तिथे मी दोन्हीकडून आहे.

मार्च २०१८ मध्ये इथे तीन आठवड्यांत चार नॉरईस्टर आले. त्याच जानेवारीत बोस्टन बंदरातल्या भरतीने १९७८ चा विक्रम अगदी थोडक्यात मोडला होता, त्यामुळे लोक आधीच धास्तावलेले. १३ मार्चचं वादळ बोस्टनवर नेमकं आलं. मी तेव्हा पीएचडीच्या चौथ्या वर्षात होते. त्याच आठवड्यात कराडला बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मला ते कळलं एप्रिलच्या मध्यावर, मावसबहिणीच्या तोंडून, 'आता काकांना बरंय ना?' या एका वाक्यातून.

मी फोनवर आरडाओरडा केला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्याकडे विमानं बंद होती. मी रोज बघत होतो. सांगितलं असतं तर तू त्या वादळात विमानतळावर जाऊन बसली असतीस. आणि इथे येऊन काय करणार होतीस? डॉक्टर म्हणाले होते, धोका फार नाही."

त्यांचा अंदाज बरोबर होता. धोका फार नव्हता, मी विमानतळावर जाऊन बसले असते, आणि येऊन काही करू शकले नसते. तीनही खरं. तरीही मला महिनाभर राग होता. कशाचा ते तेव्हा सांगता येत नव्हतं. आता वाटतं, त्यांनी माझ्या वतीने हिशेब मांडला होता: माझा खर्च, माझं नुकसान, माझा उंबरठा. त्या हिशेबात एक रकाना नव्हता, की काही करता येत नसतानाही मला त्या खोलीच्या बाहेर, निदान मनाने तरी, उभं राहायचं होतं. फार नाही म्हणजे थोडा तरी धोका होता. तो थोडा ओढवला असता तर मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी घासत, दाराबाहेरचा बर्फ कधी उपसायचा याचा विचार करत असते.

दूर राहणाऱ्यांच्या घरांत ही देवाणघेवाण सतत चालू असते. आपण इकडची वादळं लहान करून सांगतो, ते तिकडचे रिपोर्ट लहान करून सांगतात. नोकरी जायची वेळ आली तर 'कामाचा ताण आहे जरा'. हिमोग्लोबिन सातवर आलं तर 'अशक्तपणा आहे थोडा'. दोन्हीकडे माया आहे, त्यात शंका नाही. पण दोन्हीकडचे अंदाजही मग वजाबाकीने, बेरजेने ऐकले जातात. आई 'थोडा' म्हणाली की मी त्याला तीनाने गुणते. मी 'नेहमीचंच' म्हणाले की बाबा गुगल करतात.

मावशींना मी मार्चमध्ये सांगितलं. म्हणजे खरं काय होतं ते. चहाच्या यंत्रापाशी, जरा अडखळत. मला वाटलं होतं त्या पुन्हा 'होतं असं' म्हणतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "दोन्ही सांगितलं असतंत तर मी आले असते," म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला हवामानाचं काही विचारलेलं नाही. आता त्या फोनवर स्वतःच बघतात, आणि कधीकधी मलाच सांगतात, उद्या छत्री आणा.

पुढच्या हिवाळ्यात एका वादळाच्या आदल्या रात्री बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी पहिल्यांदाच सगळा पट्टा सांगितला. चाळीस टक्के शक्यता मोठ्या बर्फाची, वीज जाऊ शकते, घरात दोन दिवसांचं खाणं आहे, नाहीच आला तर ऑफिसला जाईन. बाबा कराडला इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवत असत, तरी त्यांनी विचारलं, "चाळीस म्हणजे नक्की काय गं? येणार की नाही?"

"माहीत नाही बाबा."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही?"

"नाही."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाले, "थांब, मी गच्चीवर जातो." जिन्यावरची त्यांची पावलं ऐकू आली. "तुझ्या आईच्या छातीत गाठ लागली आहे. बहुतेक साधी असेल म्हणतात. तपासायला पाठवली आहे. शुक्रवारी कळेल. तुला शुक्रवारनंतर सांगायचं ठरलं होतं आमचं."

मी विचारलं, बहुतेक म्हणजे किती? त्यांनी डॉक्टरांना ते विचारलं नव्हतं.

गाठ साधी निघाली, म्हणून हे इथे लिहिते आहे. शुक्रवारपर्यंतच्या चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. वादळ आलं, वीज गेली नाही, बर्फ उपसला, सगळं अर्धवट लक्षात आहे. नंतर कधीतरी मी बाबांना विचारलं, सांगितल्याचा पस्तावा झाला का? माझी झोप उडाली हे त्यांना कळलं होतं.

"तुझी उडाली खरी," ते म्हणाले. "मला मात्र त्या चार रात्री लागली."